देवास ‘तूं’ म्हणणें : दोन साष्टींच्या ख्रिस्ती प्रार्थनावाङ्मयाचा परामर्श

फादर थॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणावर मराठींत आजवर जें लिहिलें गेलें तें चाळून पाहिलें असतां बहुतेक विवेचन एकाच ठिकाणाभोंवतीं घोटाळतांना दिसतें. तें ठिकाण म्हणजे मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या. एका इंग्रज जेजुइटानें आमच्या भाषेस रत्नांच्या व फुलांच्या उपमा द्याव्या, याचा आनंद आम्हांस इतका झाला कीं त्याच ग्रंथांत तो परमेश्वराशीं काय बोलला आणि कोणत्या नात्यानें बोलला, हें पाहण्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. भाषाशास्त्रज्ञांनीं त्यांतील प्रत्यय मोजले. मराठी व कोंकणी यांच्या वादांत दोन्ही पक्षांनीं त्यास साक्षीदार म्हणून उभें केलें. संग्राहकांनीं छापील प्रतींचा शोध केला. हीं कामें व्हावयास हवींच होतीं. परंतु ग्रंथ रचला गेला तो व्याकरणकारांसाठीं नव्हे. ज्यांचे जुने देव व जुनीं पुराणें एका पिढींत काढून घेतलीं गेलीं होतीं, अशा माणसांस नवा देव आपल्या बोलींत ओळखतां यावा, हा त्याचा हेतु. त्या हेतूच्या कसोटीस तो व त्याच्या मागून आलेले ग्रंथ कितपत उतरतात, एवढेंच येथें पहावयाचें आहे.

या प्रश्नास निमित्त मिरा-भाईंदर हा प्रदेश आहे. ठाण्याच्या साष्टी बेटाच्या वायव्य टोंकास उत्तन, डोंगरी, पाली, चौक, राई, मुर्धे, भाईंदर, काशी, मिरे, घोडबंदर हीं जुनीं गांवें वसलेलीं आहेत. समुद्राकांठीं मासेमारी, खाडीकांठीं मिठागरें, मधल्या पट्ट्यांत भातशेती असा त्यांचा पूर्वापार संसार. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतींत वस्ती आठ लाखांवर गेलेली होती. खाडीपलीकडे वसई. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्यानंतरच्या काळांत या गांवांतील पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. त्यांच्या वंशजांपैकीं बरेच जण १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हें नांव लावितात. तें नांव व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे आहोंत हें दाखविण्यासाठीं घेतलेलें आहे. भाईंदरास नाझरेथ मातेचें, डोंगरीस बेथलेहेम मातेचें, उत्तनास समुद्रमातेचें अशीं चर्चें आहेत. दगडी इमारतींचा इतिहास लिहिणारे मिळतात. घरांत दिवेलागणीस जें बोललें गेलें त्याचा इतिहास लिहावयाचा तर कागद शोधावे लागतात, आणि ते कागद ओळखण्याची दृष्टि आधीं यावी लागते.

प्रथम एका घोंटाळ्याचें निरसन केलें पाहिजे. ख्रिस्तपुराण ‘साष्टींत’ रचलें असें वाचून कित्येकांची समजूत होते कीं तें ठाण्याच्या साष्टींत, म्हणजे वसईच्या या बाजूस रचलें गेलें. तसें नाहीं. साष्टी दोन आहेत. दोहोंचें नांव षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट गांवांचा समूह, यावरूनच पडलें. एक गोमंतकांतील, दुसरी ठाण्याची. स्टीफन्स १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ सालीं वारला. त्याचें आयुष्य प्रामुख्यानें गोमंतकीय साष्टींत गेलें, आणि पुराण १६१६ सालीं तेथील रायतूर येथें छापून निघालें. पुढें १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हा छापलें गेलें. उत्तर साष्टीचें स्वतःचें पुराण निराळें आहे. तें फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश या पाद्र्यानें ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेलें, सतराव्या शतकांतील. मुंबई, साष्टी व वसई यांच्या बोलीस तें जवळचें आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईस पुन्हा छापलें गेलें. दोन साष्टींचीं हीं दोन पुराणें एकमेकांच्या शेजारीं ठेवून वाचण्याची रीत अद्याप पडलेली नाहीं, ती पडावी.

आतां कसोटी. मनुष्याचें देवाशीं नातें जडलें आहे कीं नाहीं हें बाहेरून कोणास सांगतां येत नाहीं. परंतु तें कोणत्या नात्यानें जडविण्याचा प्रयत्न झाला हें भाषेंत उमटल्यावांचून राहत नाहीं. सर्वांत लहान व सर्वांत बोलका पुरावा संबोधनाचा. या पत्रिकेच्या वाचकांस जुन्या पत्रांचे मायने पाठ आहेत. धन्यास लिहितांना ‘स्वामींचे सेवेसी’ म्हणावयाचें, आपलें लिहिणें ‘विज्ञापना’ म्हणावयाचें, क्रियापद अनेकवचनी ठेवावयाचें. ‘तूं’ म्हणजे बेअदबी. ज्या समाजांत वडिलांस, गुरूस व पाटलासहि एकवचनानें हांक मारीत नसत, त्या समाजानें देवास मात्र ‘तूं’ म्हटलें. आईस ‘तूं’, मुलास ‘तूं’, जिवलगास ‘तूं’, आणि देवास ‘तूं’. दक्षिण कोंकणांतील गाऱ्हाणें पहा. गांवचा मानकरी ग्रामदेवतेस हांक मारतो ती ‘महाराजा’ म्हणून, लवाजमा सारा दरबारी. पण क्रियापद येतें तें ‘कर’, ‘दे’, ‘सांभाळ’ असें एकवचनी. दरबारी संबोधन व घरगुती क्रियापद यांचा हा सांधा मराठी माणसाच्या भक्तीची खूण आहे. नामदेवाची भांडखोर लडिवाळी, जनाबाईचा घरकामांतला सहवास, समर्थांच्या करुणाष्टकांतील पोरकेपण, हीं सारीं त्या ‘तूं’च्या आधारावर उभीं आहेत. तें सर्वनाम काढून घेतलें, तर हीं कवनें अर्जासारखीं दिसूं लागतील.

स्टीफन्सनें हें ओळखलें होतें काय? त्याचें मंगलाचरण पाहिलें असतां ओळखलें होतें असें म्हणावें लागतें. नमनाचा पहिला शब्दच ज्ञानेश्वरीच्या वळणाचा आहे. दुसऱ्या ओवीपासून देवबापास ‘तूं’ सुरू होतो. विशेषणेंहि इकडचींच : कृपानिधि, करुणाकर, सुखाचा सागर. ऋद्धिसिद्धि देणारा हें गणपतीचें परंपरेचें बिरुद त्यानें बिनदिक्कत देवबापाच्या माथीं चढविलें आहे. ज्या देवतेस हांकून लावावयाची तिचेंच आसन उचलून नव्या देवास दिलें, याबद्दल कोणी त्यास चतुर म्हणेल, कोणी लबाड म्हणेल. आमच्या मतें तो भाषेपुढें निरुपाय झाला होता. ग्रंथारंभीं कोणाला तरी शरण जावयाचें, आणि शरण जाण्याचे जे शब्द मराठींत तयार होते ते सारे कोणत्या ना कोणत्या देवाच्या अंगावरचे होते.

तथापि मंगलाचरणांतील ‘तूं’ हा स्तुतीचा ‘तूं’ आहे, मागण्याचा किंवा भांडणाचा नव्हे. काव्याचा शिष्टाचार म्हणूनहि तो येऊं शकतो. पुढें ग्रंथांत शिरल्यावर काय होतें तें महत्त्वाचें. पहिल्या पुराणांत सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा वृत्तान्त, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र; सारें मिळून अकरा हजारांच्या आसपास ओव्या. रचना संवादाची आहे : पाद्री सांगतो, नवे ख्रिस्ती विचारतात. ही योजना पुराणश्रवणास सोयीची, पण प्रार्थनेस अडचणीची. श्रोता देवाशीं बोलत नाहीं; तो पाद्र्याशीं बोलतो व पाद्री त्यास देवाविषयीं सांगतो. देव तृतीय पुरुषांत जातो. ‘तूं’ पुन्हा उफाळून येतो तो कथेंतील पात्रांच्या तोंडीं. क्रुसाखालीं मरियेचा जो शोक आहे तेथें स्टीफन्सची ओवी प्रथमच पोथीपण विसरते, आणि आई पुत्राशीं बोलते ती कोणत्याहि मराठी घरांतल्या आईसारखी. संपूर्ण ग्रंथांत देवाशीं जिव्हाळ्याचें बोलणें कोठें असेल तर तें येथें. परंतु तें मरियेचें आहे. ऐकणाऱ्यानें डोळे पुसावे, आपलें दुःख तिच्या दुःखांत मिसळावें, आणि घरीं जावें. स्वतःच्या नांवानें देवापुढें उभें राहण्याची जागा त्यास या ओव्यांत मिळत नाहीं.

ओवी हाच छंद याचें कारण असें कोणी म्हणेल तर तें अर्धेंच खरें. जात्यावरची ओवी पूर्णपणें वैयक्तिक असूं शकते. खरें कारण नाममुद्रेचा अभाव हें आहे. अभंगाच्या शेवटीं ‘तुका’, ‘नामा’, ‘जनी’ असें नांव येतें तें केवळ कर्तृत्व सांगण्यासाठीं नव्हे. तो देवापुढें दिलेला हजेरीचा शब्द आहे. गाणारा दुसरा असला तरी तेवढ्या चरणापुरता तो त्या नांवांत शिरतो. ख्रिस्तपुराणाच्या श्रोत्यास असें शिरावयास नांव नव्हतें. बाप्तिस्म्यांत त्यास पोर्तुगीज नांव मिळालें होतें, आणि मराठी ओवींत तें नांव अजून रुळलें नव्हतें.

याच ग्रंथकाराचें दुसरें पुस्तक, दौत्रीन क्रिस्तां, त्याच्या मरणानंतर १६२२ सालीं रायतुरास छापलें गेलें. तें गोमंतकीय लोकभाषेंत आहे, आणि त्यांत नित्याच्या प्रार्थना आहेत. (मारियानु सालदान्य यांनीं लिस्बन येथें १९४५ सालीं त्याची आवृत्ति काढली, त्यामुळें तें अभ्यासकांच्या हातीं आलें.) ‘आमच्या बापा’ या प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत येथें देवास ‘तुझें’ असेंच म्हटलें आहे. यावर आक्षेप असा येईल कीं मूळ लॅटिनमध्येंच एकवचन आहे, तेव्हां स्टीफन्सनें लॅटिनची नक्कल केली, मराठी भक्तीशीं याचा संबंध काय? आक्षेप दुबळा नाहीं. परंतु त्याच लॅटिनवरून निघालेल्या युरोपीय भाषांचें काय झालें तें पहावें. फ्रेंच कॅथलिक हीच प्रार्थना १९६६ पर्यंत आदरार्थी अनेकवचनानें म्हणत होते. आजची प्रचलित पोर्तुगीज प्रार्थनाहि तशीच अनेकवचनी आहे. राजदरबारी सभ्यता जेथें बळावली तेथें देवहि ‘आपण’ झाला. आमच्याकडे दरबारी सभ्यता कमी नव्हती. मायने त्याची साक्ष देतील. तरीहि गोव्यांत काय किंवा मुंबई-ठाण्याकडे काय, ख्रिस्ती मराठीनें व कोंकणीनें देवाचें ‘तूं’पण सोडलें नाहीं. लॅटिननें तें शिकविलें असेल. टिकविलें तें इकडच्या भाषेनें. एकट्या सर्वनामावरून याहून अधिक सिद्ध होत नाहीं, व करूं नये.

त्या काळच्या ग्रंथांत आमच्या विषयाच्या सर्वांत निकट कोणता म्हणाल तर तो ख्रिस्तपुराण नव्हे. झुआंव द पेद्रोझा या जेजुइटानें बेर्नार्दीनु द व्हिलेगास याच्या स्पॅनिश ‘सोलिलोकियोस दिव्हिनोस’चें गोमंतकीय लोकभाषेंत रूपांतर केलें, तें १६६० सालीं गोव्यास छापलें गेलें. विद्वानांच्या याद्यांत त्याचा एक ओळीचा उल्लेख येतो, आणि तोहि बहुधा शब्दसंग्रहासाठीं. पण त्याच्या देशी नांवांत ‘बोलणीं’ हा शब्द आहे, त्यावर थोडें थांबावें. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांत प्रार्थनेस रूढ शब्द ‘मागणें’. रोज जें म्हणावयाचें तें मागणें. पाठ करावयाचें, चुकूं द्यावयाचें नाहीं. पेद्रोझानें आपल्या ग्रंथाच्या माथ्यावर मात्र देवाचीं ‘बोलणीं’ असें लिहिलें. मागण्यांत हात पसरलेला असतो व दृष्टि हातावर असते. बोलण्यांत समोरचा माणूस हवा असतो. हा भेद पाद्र्यानें जाणून केला कीं सोलिलोक्युम या लॅटिन शब्दाचा धातु पाहून केला, याची फार चिकित्सा करण्याचें कारण नाहीं. शब्द सांपडला तो उत्तम सांपडला. एकटा जीव देवाशीं बोलतो, मध्यें पाद्री नाहीं, कथा नाहीं, श्रोतृवर्ग नाहीं, असा गद्यग्रंथ सतराव्या शतकाच्या मध्यास आमच्या किनाऱ्यावर छापला गेला. गद्यवाङ्मयाचा इतिहास लिहिणारांनींहि हें ध्यानांत घ्यावें.

मग हा ओघ आटला कां? २७ जून १६८४ रोजीं आल्व्होरचा काउंट या व्हाइसरॉयनें हुकूम काढून तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्माविलें. असले हुकूम जिभेवर चालत नाहींत. छापखान्यावर मात्र चालतात. त्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्या छापखान्यांतून पुराणें व दौत्रिना निघाल्या त्यांतून पुढें देशी भाषेंत कांहीं निघेनासें झालें. प्रार्थना हस्तलिखितांत व पाठांतरांत गेली.

उत्तर साष्टीस आणखी एक धक्का बसला. १७३७ सालीं मराठ्यांची फौज बेटांत उतरली. उत्तनजवळच्या धारावीच्या टेंकडीसाठीं दोन्ही पक्षांत झटापटी झाल्या, कारण वसईच्या खाडीचें तोंड तिच्या टप्प्यांत येई. १७३९ सालीं धारावी व पाठोपाठ वसई चिमाजीआप्पांच्या हातीं आली. या मोहिमेंतहि प्रार्थना आहेच, निराळ्या जातीची. चिमाजीआप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केला व तो फेडला. वसईकडच्या चर्चांतील घंटा निघाल्या त्या नाशकास नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरीं व अन्यत्र टांगल्या गेल्या. नवस म्हणजे देवाशीं केलेला करार, आणि करारांतहि नातें असतें, हें विसरूं नये. उत्तनास वेलंकणी मातेच्या स्थानावर सप्टेंबरांत जे मेणबत्त्या घेऊन येतात त्यांस चिमाजीआप्पांची भाषा समजावून सांगावी लागणार नाहीं.

परंतु युरोपीय पाद्री निघून गेल्यावर मागें राहिलेल्या गांवकऱ्यांचें काय झालें? १७३९ पासून इंग्रजांनीं १७७४ च्या डिसेंबरांत ठाणें घेईपर्यंत, पांच-तीस वर्षें, ही वस्ती देशी पाद्र्यांच्या हवालीं होती. मिस्सा लॅटिनमध्यें, ती विसाव्या शतकांतील व्हॅटिकन धर्मपरिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिनमध्येंच राहिली. लॅटिन न समजणाऱ्या कोळणीस देवाशीं बोलावयाचें तर तें मिस्सेंतून नव्हे, घरच्या रोझरींतून, उपासकाळांतील दुःखभोगाच्या गाण्यांतून आणि गांवच्या क्रुसापुढें होणाऱ्या लादिनींतून. लादीन म्हणजे ख्रिस्तमातेची नामावळी. १५८७ सालीं पोपनें मान्य केलेली लोरेतोची नामावळी जगभर हेंच काम करते. एकानें नांव घ्यावयाचें, सर्वांनीं एकच पालुपद म्हणावयाचें. गाऱ्हाण्यांतील ‘होय महाराजा’ ज्यानें ऐकलें आहे त्यास ही रीत परकी वाटणार नाहीं. दोहोंत व्यक्तीचा आवाज समूहाच्या आवाजांत लपतो. प्रार्थनेंत वैयक्तिकपणा पाहिजे असें म्हणणारे आधुनिक लोक अशा पालुपदास घोकंपट्टी म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहींत त्यास उभें राहण्यास तेवढी आडोशाची जागा लागते, आणि संकटांत कोणासच शब्द सुचत नाहींत. वाझ याचें दुःखभोगाचें पुराण हेंच काम करतें. त्याची रचना स्टीफन्सच्या मानानें ओबडधोबड, शब्द बाजारांतले, प्रौढीचा अभाव; साहित्यगुणांत तें खालच्या पायरीवर बसेल यांत संशय नाहीं. पण स्टीफन्सचा ग्रंथ ऐकण्याचा, याचा ग्रंथ गाण्याचा. विषयहि एकच : एका निरपराध्याचें मरण.

आतां पोथ्यांकडे. विल्यम मार्सडन याच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्याशाळेंत गेलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत सर्वांस ठाऊक आहे. तिच्याकडे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जस्टिन अॅबट यांनीं लक्ष वेधलें. (तुकाराम व बहिणाबाई यांस इंग्रजींत नेणारा मिशनरीच या पोथीपर्यंत पोंचावा, हा योग मौजेचा.) मंगळूर येथें जोसेफ सालदान्य यांनीं १९०७ सालीं काढलेली रोमी लिपींतील आवृत्ति आणि ही प्रत यांत एक भेद ठळक आहे : आवृत्तींत धर्मविषयक अनेक शब्द पोर्तुगीज व लॅटिन आहेत, तेथें मार्सडन प्रतींत देशी व संस्कृत शब्द येतात. या भेदावरून मूळ कोणतें यावर वाद झाले. स्टीफन्सनें ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रांत देशी अक्षरांचे ठसे पाडण्याची इच्छा व्यक्त केली होती, सहाशेंच्या आसपास साचे लागतील ही अडचणहि लिहिली होती. तेव्हां देवनागरीकडे त्याचा ओढा होता हें उघड आहे. वाद पुढेंहि चालेल. आमचा मुद्दा निराळा. नामोच्चार हा प्रार्थनेचा अर्धा भाग. ज्यास हांक मारावयाची त्याचें नांव जिभेस परकें असेल तर हांक अडखळते. तेव्हां या शब्दभेदाकडे शुद्धाशुद्धाचा प्रश्न म्हणून पाहणें पुरेसें नाहीं. एकाच ओवीनें दोन निराळ्या माणसांस देवाशीं दोन निराळ्या अंतरांवर उभें केलें, असें समजून तो नोंदला पाहिजे.

देवनागरी आवृत्त्यांसहि हीच गोष्ट लागू आहे. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची, आणि नेल्सन फलकांव यांचें आधुनिक मराठी रूपान्तर २००९ चें. तिन्हींचे श्रम मोठे. परंतु रोमी लिपींत मूर्धन्य वर्ण अक्षर दुहेरी करून व अनुस्वार खुणेनें दाखवीत, आणि खुणा गळतहि. देवनागरी करतांना प्रत्येक ठिकाणीं संपादकास निवड करावी लागते. तेथें आजच्या कानास सभ्य वाटणारें रूप आपोआप हाताखालून उतरण्याचा धोका आहे. कथेंतील वाक्यांत तो चालून जाईल. नमनाच्या, विलापाच्या व बागेंतील प्रार्थनेच्या ओव्यांत एक अनुस्वार किंवा एक प्रत्यय हलला तरी नातें हलतें. तेवढ्या ओव्यांपुरते तरी मार्सडन प्रतीचे पाठ शेजारीं छापणें ही मागणी अवास्तव नाहीं.

या प्रवाहाचें उत्तरांग निराळ्या भूमींत आहे आणि तें येथें थोडक्यांतच सांगतों. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कॅथलिक नव्हेत, कोंकणच्या या टोंकाशीं त्यांचा संबंध नाहीं, व १८९५ सालीं बाप्तिस्मा घेण्यापूर्वीं ते पूर्ण घडलेले मराठी कवि होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें ते सांगत. त्यांनीं भजनांसाठीं अभंग उचलला, आणि अभंगाबरोबर नाममुद्राहि. ‘दास’ या मुद्रेखालीं त्यांनीं ख्रिस्तास आई म्हटलें. स्टीफन्सनें जी जागा श्रोत्यास दिली नाहीं, ती येथें पावणेतीनशें वर्षांनीं मिळाली. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं देवाचा दरबार स्थापिला. नांवांत दरबार, आणि आंत सारें ‘तूं’. गाऱ्हाण्याचा तोच सांधा.

मिरा-भाईंदरकडे वळून एक व्यवहाराची गोष्ट सांगावयाची राहिली. परिषदेनंतर मिस्सा मराठींत आली. १९९८ सालीं वसईचा धर्मप्रांत निराळा झाला व खाडीच्या दोन तीरांची चर्चें दोन धर्मप्रांतांत विभागलीं. त्याचबरोबर छापील प्रार्थनापुस्तकें सर्वत्र एकसारखीं झालीं. गांवोगांवचे पाठ, बोलींतील उच्चार, मधेंच घुसलेले पोर्तुगीज शब्द हे छापील पुस्तकापुढें चुकीचे ठरतात व म्हातारीं माणसें तीं म्हणावयास लाजतात. जुन्या घरांच्या जागीं इमारती उभ्या राहत आहेत. घर पाडतांना पेटाऱ्यांतील वह्या प्रथम जातात. रोमी अक्षरांतील वही हातीं आली म्हणजे ती पोर्तुगीज समजून संग्राहक बाजूस ठेवतो, आणि ख्रिस्ती पोथी समजून मराठीचा अभ्यासक उघडीत नाहीं. ती मोठ्यानें वाचून पहावी; दोन ओळींत बोली कळते. नकल करतांना अक्षर न अक्षर, खुणेसकट उतरावें. ‘शुद्ध’ करूं नये. कोणत्या प्रसंगीं म्हणत, उपासकाळीं कीं क्रुसापुढें कीं मृताच्या उशाशीं, हें विचारून समासांत लिहावें. म्हणणारी बाई असेल तर तिनें तें कोणाकडून घेतलें, आईकडून कीं सासूकडून, हेंहि लिहावें. आणि देवास जेथें जेथें हांक मारली असेल तेथील सर्वनाम व क्रियापद यांच्याखालीं निराळ्या शाईनें रेघ ओढावी. उत्तन, पाली, चौक व डोंगरी येथून अशा दहा-वीस नकला जमल्या, तर वाझ याच्या पुराणाचे पाठ त्यांच्याशीं ताडून पाहतां येतील, आणि त्या पुराणांतील कोणत्या ओव्या पुस्तकांतून लोकांच्या तोंडीं गेल्या व कोणत्या लोकांच्या तोंडून पुस्तकांत आल्या, याचा निवाडा करण्यास कांहीं साधन हातीं येईल.